बाइंडरचं पथ्य

पट्ट्याला तिसरं नवं भोक पाडायला बाइंडरने अरी हातात घेतली, तेव्हा बायकोने ती त्याच्याकडून काढून घेतली. "पट्ट्याचं पुरे झालं. आता डॉक्टर," ती म्हणाली.

बावन्न वर्षांचा हा माणूस वर्षभरात असा वाळत चालला होता की त्याचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. पोट फुगायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही, दुपारी पुठ्ठे कापता कापता पाय गळून जायचे. दुकानात त्याच्याबरोबर वीस वर्षं पुस्तकांचे फर्मे, म्हणजे पानांच्या जुड्या, शिवणाऱ्या मावशी म्हणायच्या, "दादा, तुमच्यापेक्षा तुमची सावली जाड आहे." तो ते हसण्यावारी न्यायचा. दुखणं अंगावर काढण्यात त्याचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, मग घशातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला, आणि सीलिअॅक असं निदान सांगितलं. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की याचं शरीर स्वतःशीच भांडायला उठतं आणि आतड्याचं अस्तर झिजत जातं. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. पथ्य हेच औषध, तेही जन्मभर, आणि चिमूटभराचीसुद्धा सूट नाही.

बाइंडरला खरं तर हायसं वाटलं. त्याने मनात याहून भलतंसलतं काहीतरी धरलं होतं. घरी येताना तो बायकोला म्हणाला की मी आजारी नाही, माझं फक्त गव्हाशी वाकडं आहे. बायको ड्रायव्हिंग शाळेत गाडी शिकवायची. कशानेही गडबडून जायचं नाही ही तिच्या धंद्याची पहिली अट. तिने मान हलवली आणि रस्त्यातच दुकानात थांबून तांदूळ, बटाटे आणि अंडी घेतली.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. त्या एकतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या आणि निवृत्त झाल्यावर मुलीकडे राहायला आल्या होत्या. नोकरी सुटली होती, नजर सुटली नव्हती. डॉक्टरांनी दिलेला कागद त्यांनी दोनदा वाचला, भिंग काढलं आणि स्वयंपाकघरात शिरल्या. दुपारपर्यंत ओट्यावर आरोपींची रांग लागली. सोया सॉसमध्ये गहू. सूपच्या पाकिटात दाटपणासाठी मैदा. मक्याचे म्हणून आणलेले कॉर्नफ्लेक्स, त्यात जवाचा माल्ट. सॉसेजमध्ये ब्रेडचा चुरा. लोण्याच्या डब्याला त्यांनी भिंग लावलं तर त्यात टोस्टचे कण, कारण घरातली प्रत्येक सुरी आधी ब्रेडवरून फिरून मग लोण्यात जायची. टोस्टर शेजारी गेला. चिरा पडलेला लाकडी पाट, जुनी चाळणी आणि लाकडी उलथनी यांचीही रवानगी झाली. एका शेल्फावर लाल पट्टी चिकटवून सासूबाईंनी जाहीर केलं की यापुढे या घरात तपासल्याशिवाय काहीही चढणार नाही.

"आई, ही गाडी नाही, स्वयंपाकघर आहे," बायको म्हणाली.

"गाडीत तरी लोक दोन दारांनी चढतात. इथे चारही बाजूंनी येतंय," सासूबाई म्हणाल्या.

बाइंडरनेही पथ्य मनापासून पाळलं. दुकानाच्या गल्लीत एक बेकरी होती. तिचा वास आला की तो समोरच्या बाजूने जायचा. डबा घरचा, पाणी घरचं, चहासुद्धा घरून थर्मासमध्ये. त्याला जमायचं नाही ते फक्त दुसऱ्याच्या घरी विचारणं. यात काय घातलंय, कशात तळलंय, चमचा वेगळा आहे का, असं यजमानाला विचारायचं म्हणजे त्याला समोरच्याच्या घरातलं कपाट उघडून बघितल्यासारखं वाटायचं. एकदा चुलतभावाकडे वहिनींनी मोठ्या हौसेने सूप वाढलं. त्याने विचारलं नाही. भिडेखातर अर्धी वाटी प्याला आणि पुढचे दोन दिवस पोट धरून बसला. कामाची दगदग झाली असं त्याने घरी सांगितलं.

सहा महिने झाले. वजन एका किलोनेही वाढलं नाही. रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ग्लूटेनशी भांडणाऱ्या प्रतिपिंडांचा आकडा जिथल्या तिथे होता.

"कुठून तरी पोटात जातंय," त्या म्हणाल्या. "रोज जातंय. माझ्यापासून लपवून तुमचाच तोटा आहे."

बाइंडर म्हणाला की मी काहीच खात नाही. पण हे बोलताना त्याला ती अर्धी वाटी सूप आठवली आणि आवाज पडला. बायकोने ते टिपलं. घरी आल्यावर तिने हळूच सांगितलं की बाहेर काही खात असाल तर बोला, मी रागावणार नाही. दिव्याच्या खांबावर गाडी घालणाऱ्या विद्यार्थ्यांशी ती याच सुरात बोलायची, हे बाइंडरला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या काळजाला ते लागलं.

सासूबाईंनी तर विचारलंसुद्धा नाही. ते जास्त जड गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा कोट दोरीवर उलटा लटकलेला दिसला, खिसे बाहेर काढलेले. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांना आपला रुमाल नाकाशी धरताना पाहिलं. तो ताट लवकर आटपून उठू लागला. पोटात घास आणि मनात गाठ अशी त्याची गत झाली होती.

अशातच सासूबाईंना आपल्या नोकरीतल्या डायऱ्या बांधून घ्यायची हौस आली. एकतीस वर्षांच्या एकतीस डायऱ्या, खिशात मावतील एवढ्या. काम नाजूक आहे, माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवं, असं म्हणून सोमवारी सकाळी दहाला त्या दुकानात हजर झाल्या. कशासाठी आल्या आहेत हे बाइंडरला कळायला वेळ लागला नाही. त्याने खुर्ची पुसून खिडकीपाशी ठेवली आणि म्हणाला, "बसा आई. काय बघायचंय ते बघा."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका अंगाला कागद कापायचं यंत्र, दुसऱ्या अंगाला पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, मधे आजोबांच्या वेळचं टेबल. कोपऱ्यात मावशी शिवायच्या चौकटीपुढे पाय दुमडून बसायच्या. टेबलाखाली मैद्याचं पोतं, त्याच्या शेजारी गॅसची शेगडी आणि तिच्यावर खळीचं पातेलं. ही खळ बाइंडर दर सकाळी स्वतः शिजवायचा. बाजारचा रासायनिक डिंक त्याला पसंत नव्हता. मैद्याची खळ कागदाला जपते, पन्नास वर्षांनी पुस्तक पुन्हा उघडायचं म्हटलं तर पाण्याने सुटते, असं त्याचे वडील सांगायचे, आणि तोही आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

त्या वेळी दुकानात मोठं काम आलं होतं. गावच्या वाचनालयात मुलांसाठी नवी खोली उघडायची होती, आणि मुलांनी वाचून वाचून खिळखिळी केलेली दोनशे पुस्तकं बाइंडरकडे बांधायला आली होती. तो मान खाली घालून कामाला लागला. पानं मोजली, फर्मे लावले, कण्याला खळ फासली, कापड ओढून बसवलं. सासूबाई एक डायरी मांडीवर घेऊन, हातात पेन्सिल धरून बसून राहिल्या. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही, डुलकी काढली नाही. एकला त्याने साबणाने हात धुऊन डबा खाल्ला: भात, अंडी, उकडलेला बटाटा. त्यांच्यासमोरच खाल्ला, जरा जास्तच सावकाश. मग पुन्हा काम.

चारच्या सुमाराला सासूबाईंनी डायरी मिटली.

"जावईबापू, आज दिवसभरात तुम्ही किती वेळा खाल्लंत?"

"एकदा. तुमच्या डोळ्यांसमोर."

"दोनशे चौदा वेळा," सासूबाई म्हणाल्या.

मावशींची सुई थांबली. बाइंडरला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. सासूबाईंनी डायरीचं पान त्याच्यापुढे धरलं. पानभर पेन्सिलच्या उभ्या रेघा, पाचापाचाच्या जुड्या बांधलेल्या.

"पान उलटायचं म्हटलं की तुमचं बोट जिभेला लागतं. फर्मा मोजायचा, बोट जिभेला. दोऱ्याचं टोक, जिभेला. आणि त्याच हाताने तुम्ही खळ फासता. खळ कशाची?"

बाइंडरने आपला उजवा हात वर धरून पाहिला. तर्जनीवर वाळलेल्या खळीचा पापुद्रा होता, नखात पांढरी रेघ. हीच रेघ त्याने वडिलांच्या नखात पाहिली होती. पोतं उपडं करताना उडणारी पिठाची भुकटी त्याला आठवली. ती रोज सकाळी त्याच्या मिशांवर बसायची आणि तो ती जिभेने पुसायचा. सहा महिने त्याने बेकरी टाळायला गल्लीची बाजू बदलली होती आणि मैद्याच्या पोत्याला पाय टेकून काम केलं होतं. पण खळ ही त्याच्या लेखी खायची वस्तू नव्हतीच. ती हत्यारांत मोडायची, कात्री आणि शिकंज्याच्या शेजारी.

"वडीलही असंच बोट लावायचे," तो शेवटी म्हणाला.

"त्यांना पचत होतं."

मग सासूबाई उठल्या आणि टेबलाच्या या बाजूला आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी तुमचे खिसे तपासले. एकतीस वर्षांत मी तिकीट विचारल्याशिवाय कोणाला फुकट्या म्हटलं नाही, आणि घरच्या माणसाला न विचारताच ठरवून मोकळी झाले."

बाइंडरने लगेच चुलतभावाकडच्या सुपाची गोष्ट सांगून टाकली. सासूबाईंनी ती ऐकून घेतली. "अर्धी वाटी ना? ती मी या दोनशे चौदांत धरत नाही," त्या म्हणाल्या. मावशींना हसू आवरेना. त्यांचं बघून बाइंडरही हसला, डोळे पुसत पुसत, आणि पुसायला नेलेलं बोट मधेच थांबवून नळाकडे गेला.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकलं. मग त्याच्या ताटात भात वाढताना म्हणाली की मलाही माफ करा. तो म्हणाला, "ब्रेक वेळेवर लागला ना, झालं तर." दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की मी धंदा विचारला होता, धंद्यात काय वापरता ते विचारायचं राहून गेलं. मैदा दुकानातून हलवा, कोपरान् कोपरा ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका.

पोतं गेलं, पातेलं गेलं, जुने ब्रश गेले. दोन दिवस दुकान बंद ठेवून चौघांनी भिंतींपर्यंत पुसून काढलं. मग खरा पेच उभा राहिला. वाचनालयाची दोनशे पुस्तकं, त्यांतली जेमतेम चाळीस झालेली, आणि हातात खळ नाही. बाजारचा डिंक आणा असं मावशींनी सुचवलं. बाइंडरने तो आणूनही पाहिला, पण एक पुस्तक बांधल्यावर त्याचा हातच पुढे जाईना. मुलांची पुस्तकं पुन्हा फाटणार आणि पुन्हा बांधायला येणार, मग डिंक कोण सोडवणार, असं तो म्हणत राहिला.

त्याने तीन खळी शिजवायला घेतल्या. बटाट्याच्या पिठाची, मक्याची आणि तांदळाची. प्रत्येकीने पुठ्ठ्यांचे चार चार तुकडे चिकटवले, त्यांवर तारखा घातल्या आणि दोन दिवस शिकंज्यात ठेवले. ओढून बघायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. बटाट्याची खळ वाळल्यावर काचेसारखी तडकली. मक्याची पुठ्ठ्यात मुरून गेली आणि वरचं कापड फुगलं. तांदळाचीही पहिल्या खेपेला सुटली. बाइंडर मटकन स्टुलावर बसला. चाळीस वर्षं जी गोष्ट त्याचा हात न बघता करत होता, ती आता नवशिक्यासारखी चुकत होती.

"किती वेळ शिजवलीत?" सासूबाईंनी विचारलं.

"मैद्याला लागतो तेवढाच."

"मग तुम्ही अजून मैदाच शिजवताय."

हे त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने तांदळाचं पीठ आधी भिजत घातलं, मग मंद आचेवर तिप्पट वेळ घोटलं, हात भरून येईपर्यंत. खळ दुधी, चकचकीत झाली आणि ब्रशवरून तुटेना. गाळून, गार करून त्याने ती लावली. दोन दिवसांनी सासूबाईंनी पुठ्ठा दोन्ही हातांनी ओढला, गुडघ्यात धरून ओढला, शेवटी मावशींना बोलावून दोघींनी मिळून ओढला. पुठ्ठा फाटला, जोड सुटला नाही.

त्या आनंदात तो तांदळाचा मोठा डबा घेऊन गिरणीत निघाला, तेव्हा सासूबाई सोबत गेल्या आणि गिरणीवाल्याला विचारलं की तांदळाच्या आधी जात्यात काय होतं. गिरणीवाला म्हणाला, गहू, दुसरं काय असणार. नंतरचं? गहूच. सासूबाईंनी त्याचे आभार मानले आणि जावयाला दंडाला धरून बाहेर आणलं. तेव्हापासून तांदूळ घरीच धुऊन, वाळवून, त्यासाठीच घेतलेल्या मिक्सरमध्ये दळले जाऊ लागले.

बोटाची सवय मात्र हट्टी निघाली. पोस्टातल्यासारखा ओला स्पंज त्याने वाटीत ठेवला. तरी चाळीस वर्षांचं बोट वाट चुकून तोंडाकडे जायचं. पीठ बदललं म्हणून सूट नाही, सवय मोडायचीच, असा सासूबाईंचा हुकूम होता. बोट वर जाताना दिसलं की खोकायचं, हे काम त्यांनी मावशींना लावून दिलं. पहिला आठवडा मावशी इतक्या खोकल्या की गिऱ्हाइकं त्यांना छाती तपासून घ्यायला सांगू लागली. महिन्याभराने खोकला दिवसातून दोनतीनदा येई. पुढे थांबला.

दोनशे पुस्तकं वेळेत झाली, शेवटची अकरा बायकोने सुट्टी घेऊन शिकंज्याचं चाक फिरवलं म्हणून. पाचव्या महिन्यात रक्ताचा अहवाल आला. आकडा निम्म्याहून खाली उतरला होता. डॉक्टरबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं. वजन सहा किलोने वाढलं होतं. त्यांनी स्वतःच्या वहीत "खळ" असा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या की यापुढे प्रत्येक रोग्याला मी कामाच्या जागेबद्दल नीट विचारणार आहे.

वाचनालयाची मुलांची खोली उघडली त्या दुपारी मावशींना दुकानावर ठेवून घरचे सगळे गेले. खिडक्यांना निळे पडदे, खाली गालिचा, आणि बुटक्या शेल्फांवर त्याची दोनशे पुस्तकं, लाल, हिरव्या, पिवळ्या कण्यांची. ग्रंथपालबाईंनी मुलांसमोर त्याचं कौतुक केलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. मग त्या केकची बशी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की हा मुद्दाम तुमच्यासाठी, यात गहू नाही.

एरवी त्याने मुकाट्याने तुकडा उचलला असता, नाही तर पोट भरलंय म्हणून सुटका करून घेतली असती. त्याने एकदा सासूबाईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"बाई, विचारतो म्हणून राग मानू नका," तो म्हणाला. "पीठ कशाचं आहे? आणि सुरी कुठली होती?"

ग्रंथपालबाईंना राग आला नाही. पीठ बदामाचं, भांडं नवं, सुरी घरून आणलेली, आणि केक सकाळपासून माझ्या कपाटात कुलपात आहे, असं त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई मंगळवारी येऊन गेल्या. पाकिटंसुद्धा दाखवली मी त्यांना. म्हणाल्या, तरी तो विचारेल, त्याला विचारू द्या."

बाइंडरने दोन तुकडे खाल्ले. तिसरा कागदात बांधून मावशींसाठी घेतला. तोपर्यंत सासूबाई गालिच्यावर मुलांमध्ये जाऊन बसल्या होत्या. एक मुलगी नवं बांधलेलं पुस्तक अर्धवट उघडून, जपून, कडेकडेने वाचत होती. सासूबाईंनी तिला पुस्तक पार उघडायला लावलं, पुठ्ठ्याला पुठ्ठा टेकेपर्यंत, आणि ओढून बघ म्हणाल्या.